अल्पवयीनांचे मद्यपान : गावाने काय करावे?

(ग्रामसभा, पालक-शिक्षक संघ व युवक मंडळे यांच्या बैठकींत वाचून दाखविण्यासाठी तयार केलेले भाषण)



मद्यपानाचा विषय गोव्यातील कोणत्याही सभेत निघाला की, पाहता पाहता सभेत दोन तट पडतात. एका बाजूस मद्याचा समूळ उच्छेद व्हावा असे मानणारे, तर दुसऱ्या बाजूस काजूच्या भाटीवर ज्यांचा संसार चालतो ते आणि त्यांचे कैवारी. वाद रंगतो, आवाज चढतात. आणि ज्या मुलाच्या निमित्ताने विषय निघाला तो मुलगा मात्र बाजूलाच राहतो. म्हणून आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. आजचा विषय दारूबंदीचा नाही. प्रौढ माणसाने काय प्यावे व काय पिऊ नये, याचा निवाडा या सभेने करावयाचा नाही. वयात न आलेल्या मुलामुलींच्या हाती मद्य पोहोचते कसे, आणि ते पोहोचू नये म्हणून गावाला काय करता येईल, एवढाच प्रश्न आहे. या एका प्रश्नापुरते भाटीवाला आणि माळकरी एका पंक्तीस बसू शकतात. आपल्या चौदा वर्षांच्या मुलाने प्यावे असे भाटीवाल्यालाही वाटत नाही.

'मुले पूर्वीही चोरून पीतच होती, त्यात नवे काय?' असे म्हणणारे वडीलधारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी एक पाहणी सांगण्यासारखी आहे. उत्तर गोव्यातील २० ते ४९ वर्षे वयाच्या १,८९९ पुरुषांना प्रथम मद्य केव्हा घेतले, हे विचारण्यात आले होते. या पाहणीचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. १९५६ ते १९६० या काळात जन्मलेल्यांत किशोरवयातच सुरुवात केल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण १९.५ टक्के होते. १९८१ ते १९८५ या काळात जन्मलेल्यांत ते ७४.३ टक्क्यांवर गेले. वयस्क माणसाला आपला पहिला पेला नेमका आठवत नाही, हे मान्य करून काही सूट दिली, तरी एका पिढीच्या अंतरात एवढी उडी निव्वळ विस्मरणाने पडत नाही. ज्यांनी लवकर सुरुवात केली, त्यांच्यात पुढे मद्याच्या आहारी जाणे, मद्यापायी अपघात व दुखापती होणे आणि मानसिक अस्वास्थ्य हे सारे अधिक आढळले. त्या पाहणीतील सर्वांत तरुण माणसेही आज चाळिशीच्या आसपास आहेत. त्यांचीच मुले आता शाळेत आहेत.

पहिला पेला कोणत्या वयात, याला इतके महत्त्व का, असा प्रश्न पडेल. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे दिसले की, पंधराव्या वर्षाच्या आत पिऊ लागलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक आयुष्यात केव्हा ना केव्हा मद्याच्या पूर्ण अधीन झाले. वीस वर्षांनंतर सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. लवकर पिणारा प्रत्येक मुलगा व्यसनी होतो असा याचा अर्थ नव्हे, आणि लवकर पिण्यामागे घरातील इतर कारणेही असतात. परंतु मेंदूतील संयमाचा व सारासार विचाराचा भाग सुमारे पंचविसाव्या वर्षापर्यंत घडत असतो, हे वैद्यकशास्त्राने दाखवून दिले आहे. त्या घडणीच्या काळात मद्याचा संस्कार झाला तर तो खोलवर रुजतो. पहिला पेला चार-पाच वर्षे पुढे ढकलला गेला, एवढेही पुष्कळ आहे.

आता तो पेला येतो कोठून ते पाहू. बाजारी बारमधूनच येतो असा समज आहे. तो अर्धाच खरा आहे.

फेब्रुवारी-मार्चपासून मे अखेरपर्यंत काजूचा हंगाम असतो. बागायतीत बोंडे गोळा करण्यास सारे घर जाते, मुलेही जातात, आणि त्यात वावगे काही नाही. बोंडांचा चोथा रचून ठेवल्यावर आपोआप गळणारा ताजा नीरो मुले आवडीने पितात. त्यातही दोष नाही. पण तोच रस दोन-तीन दिवस आंबला की त्याची जात बदलते, पहिल्या ऊर्ध्वपातनाने त्याचा हुर्राक होतो आणि दुसऱ्याने फेणी. हुर्राक मोसमी म्हणून 'सौम्य' समजला जातो, लिंबाच्या सरबतात मिसळला तर तोंडाला कळतही नाही, आणि भाटीवर राबणाऱ्या पोराला 'घोटभर घे रे' म्हणणारा कोणी ना कोणी असतोच. त्या घोटभराची कोठेही नोंद होत नाही. घरात सर्दी-पडशावर चमचाभर फेणी देण्याची चाल आहे, तीही याच वाटेने जाते. आजीच्या हातून मिळालेली वस्तू वाईट असते, हे त्या मुलाला पुढे कोणी कसे पटवून द्यावे?

दुसरी वाट निरोप्याची. 'जा, कोपऱ्यावरून एक बाटली घेऊन ये' असे सांगून वडील मुलाला पाठवितात. दुकानदार बाटली देतो, कारण ती वडिलांसाठी आहे हे त्याला ठाऊक असते. असा दहा वेळा गेलेला मुलगा अकराव्या वेळी कोणासाठी नेतो, हे विचारणार कोण? तिसरी वाट समारंभांची. लग्न, वाढदिवस, फेस्त, जत्रेची रात्र, संगीतरजनी. गर्दीत मामा-काका कौतुकाने भाच्या-पुतण्याच्या हाती बिअरचा पेला देतात आणि 'आता मोठा झाला' म्हणून पाठ थोपटतात. किनारपट्टीवर चौथी वाट आहे. तेथे कोवळी पोरे उपाहारगृहांतून कामाला असतात आणि पाहुण्यांच्या उरलेल्या पेल्यांवर त्यांची दीक्षा होते. या सर्व वाटांवर एक गोष्ट समान आहे. प्रत्येक ठिकाणी पेला देणारा हात वयस्काचा आहे.

कायद्याची दृष्टीही नेमकी याच हातावर आहे. मात्र ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. गोव्याच्या १९६४ च्या अबकारी कायद्यान्वये २१ वर्षांखालील व्यक्तीस मद्य विकता येत नाही, एवढे बहुतेकांनी ऐकलेले असते. परंतु विक्रीचा प्रश्न सोडूनही एक अधिक कडक तरतूद आहे. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ याच्या कलम ७७ प्रमाणे अठरा वर्षांखालील मुलास जो कोणी मद्य देईल किंवा देवविल, त्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अपवाद एकच, पात्र वैद्यकीय व्यावसायिकाच्या आदेशाचा. आजी त्या अपवादात बसत नाही. विकणारा, फुकट देणारा, कौतुकाने देणारा असा भेद या कलमात नाही. त्यापुढील कलम ७८ हे मद्याची विक्री, नेआण वा पुरवठा यांसाठी मुलाचा वापर करणाऱ्यास तेवढीच शिक्षा सांगते. बाटली आणण्यास मुलाला पिटाळणाऱ्या प्रत्येक पित्याने ते कलम एकदा वाचावे. आणि पिऊन वाहन हाकणाऱ्या अल्पवयीनाच्या बाबतीत, २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ खाली पालक किंवा वाहनाचा मालक यांना तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड अशी तरतूद आहे.

मात्र घराघरात पोलीस उभा करता येत नाही. कायद्याची मर्यादा तेथे संपते. मग सर्वांना सुचणारा उपाय म्हणजे शाळेत व्याख्यान ठेवणे. एखादे अधिकारी येतात, यकृताचे चित्र दाखवितात, मुले शपथ घेतात, आभारप्रदर्शन होते, आणि अहवालात कार्यक्रम 'यशस्वी' ठरतो. असे कार्यक्रम करू नयेत असे नाही. पण त्यांवरच विसंबून राहणाऱ्यांनी अमेरिकेचा अनुभव ध्यानी घ्यावा. तेथे १९८३ साली लॉस एंजेलिस शहरात पोलीस अधिकाऱ्यांनी वर्गावर्गात जाऊन व्यसनविरोधी धडे देण्याची 'डेअर' नावाची योजना सुरू झाली आणि ती देशभर पसरली. पुढे तिची वारंवार तपासणी झाली, तेव्हा धडे घेतलेल्या व न घेतलेल्या मुलांच्या पुढील वागण्यात फारसा फरक आढळला नाही. मुलांना माहिती नव्हती म्हणून ती पीत होती असे नव्हतेच.

याच्या उलट एका लहानशा देशाने दुसरा मार्ग धरला. त्याची हकीकत जरा सविस्तर सांगण्याजोगी आहे. तो देश म्हणजे उत्तर अटलांटिक महासागरातील आइसलँड. लोकसंख्या चार लाखांच्याही आत, म्हणजे गोव्याच्या निम्म्याहून कमी. मद्याबाबत तेथील कायदा मुळापासून कडक होता. बिअरवर तर १ मार्च १९८९ पर्यंत बंदी होती. आजही २० वर्षांखालील व्यक्तीस तेथे मद्य विकत मिळत नाही. असे असूनही १९९० च्या दशकात शुक्रवारी रात्री राजधानी रेक्याविकच्या रस्त्यांवर झिंगलेल्या शाळकरी मुलांचे थवे हिंडत असत. १९९८ साली तेथील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलांनी गेल्या महिन्याभरात आपण नशेत होतो असे सांगितले होते.

तेथील समाजशास्त्रज्ञांनी प्रथम मुलांना उपदेश केला नाही, प्रश्न विचारले. इंगा डोरा सिग्फूस्दोत्तिर आणि त्यांचे सहकारी यांनी शाळाशाळांतून पाहणी केली. केव्हा प्यायला, एवढेच त्यांनी विचारले नाही. संध्याकाळी कोठे असता, आई-वडिलांबरोबर किती वेळ जातो, ते तुमच्या मित्रांना ओळखतात का, आठवड्यातून किती वेळा खेळता, असेही विचारले. पिणारी व न पिणारी मुले यांच्यात फरक कोठे आहे, हे उत्तरांतून उघड झाले. देखरेखीखालच्या खेळांत वा कलेत नियमित भाग घेणे, आई-वडिलांबरोबर वेळ घालविणे, शाळेत आपुलकी वाटणे आणि रात्री उशिरा बाहेर नसणे, या गोष्टी मुलांना सावरून धरीत होत्या. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हार्वे मिल्कमन यांचाही या कामास हातभार लागला. तरुण मन उत्तेजना शोधतेच, तिला दुसरी वाट मोकळी करून दिली पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते.

यानंतर जे झाले ते सरकार, नगरपालिका, शाळा आणि पालक या सर्वांनी मिळून केले. मद्य व तंबाखू यांच्या जाहिरातींवर बंदी होती. प्रत्येक शाळेत पालकांची संघटना असणे कायद्याने आवश्यक झाले. हिवाळ्यात बारा वर्षांपर्यंतच्या मुलांनी रात्री आठनंतर व तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांनी दहानंतर वयस्कांशिवाय बाहेर राहू नये, असा नियम झाला. उन्हाळ्यात दोन तासांची सूट. तो नियम पाळला जातो की नाही हे पाहण्यास आई-वडीलच शुक्रवार-शनिवारच्या रात्री पिवळसर अंगरखे घालून गटागटाने फेरी मारीत. ते मुलांना धरपकड करीत नसत. फक्त दिसत असत. पालकांनी आपसांत लेखी करारही केले. वयस्क घरी नसताना मुलांचा मेळावा आपल्या घरी होऊ द्यावयाचा नाही, कोणाच्याही मुलासाठी मद्य विकत आणावयाचे नाही, शेजाऱ्याच्या मुलावरही आपल्या मुलाप्रमाणे लक्ष ठेवावयाचे, अशी त्यांतील कलमे होती. खेळ, संगीत, नृत्य यांच्या वर्गांसाठी रेक्याविक नगरपालिका दर मुलामागे वर्षाला ठरावीक रक्कम देऊ लागली. त्यामुळे गरिबाच्या मुलालाही वर्ग परवडू लागला. आणि पाहणी एकदाच करून ते थांबले नाहीत. ती पुन्हा पुन्हा होत राहिली व प्रत्येक शाळेचे निष्कर्ष काही आठवड्यांतच त्या त्या शाळेच्या हाती पडत गेले. आपल्या शाळेचा आकडा समोर आला की पालकसभेत 'आमच्याकडे असे काही नाही' हे वाक्य उच्चारणे कठीण जाते.

२०१६ साली ते ४२ टक्क्यांचे प्रमाण ५ टक्क्यांवर आले होते. रोज धूम्रपान करणारी मुले २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आली. हे सारे केवळ याच प्रयत्नांनी घडले काय, यावर विद्वानांत मतभेद आहेत. त्या वर्षांत युरोपात इतरत्रही मुलांचे पिणे काही अंशी कमी झाले होते. शिवाय आइसलँड श्रीमंत आहे. तेथील बंदिस्त क्रीडागृहे गोव्याच्या खेड्याने उभारावीत असे कोणी म्हणणार नाही. घेण्यासारखी आहे ती त्यांची पद्धत. त्यांनी मुलांच्या आधी वयस्कांचे वागणे बदलले.

या दृष्टीने पाहता गोव्याच्या गावाजवळ भांडवल थोडे नाही. जत्रेला नाटक बसविणारी मंडळे आहेत, भजनाची परंपरा आहे, कला अकादमीच्या भजन स्पर्धांत बालकलाकारही उतरतात, फुटबॉलचे मैदान जवळपास प्रत्येक गावाला आहे. उणीव आहे ती संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत तेथे एखादा जबाबदार वयस्क हजर असण्याची. येथे एक कटू गोष्टही बोलली पाहिजे. सामना जिंकल्यावर बिअरचे खोके फोडणारा क्लब आणि नाटकाच्या रात्री रंगमंचामागे बाटली फिरू देणारे मंडळ हे मुलांना व्यसनापासून दूर ठेवण्याऐवजी व्यसनाच्या अधिक जवळ नेतात. बारा-तेरा वर्षांची मुले जेथे येतात, तेथे वयस्कांनीही त्या रात्रीपुरते पिऊ नये, एवढा ठराव मंडळाला करता येईल. त्यासाठी शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही.

शेजारच्या महाराष्ट्रात गावोगावच्या स्त्रियांनी मद्याच्या दुकानांविरुद्ध मतदान घडवून आणले. 'उभी बाटली, आडवी बाटली' या नावाने ते मतदान ओळखले जाते. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी 'आडवी'ला कौल दिला तर दुकान बंद होते. तो मार्ग बंदीचा. आजच्या विषयाहून वेगळा. गोव्यात तसा कायदा नाही. पण त्या स्त्रियांची तयारी पाहण्यासारखी होती. घरोघरी जाऊन त्यांनी सह्या गोळा केल्या, याद्या तपासल्या, तालुक्याच्या कचेरीत खेपा घातल्या. गावातील कोणत्या दुकानातून मुलांना मद्य मिळते हे बायकांना नेमके ठाऊक असते. ग्रामसभेत मात्र ते बोलले जात नाही, कारण दुकानदार नात्यातला असतो. म्हणून नाव घेऊन आरोप करण्याऐवजी पंचायतीने गावातील सर्व परवानाधारकांना एकदम बोलवावे, २१ वर्षांखालील कोणालाही, वडिलांचा निरोप असला तरी, बाटली द्यावयाची नाही असे सर्वांकडून कबूल करून घ्यावे आणि तशी ठळक मराठी-कोंकणी पाटी प्रत्येक गल्ल्यावर लावावी. एकट्या दुकानदाराला गिऱ्हाइकास नकार देणे जड जाते. सर्वांनी दिला की सोपे होते. खेड्यातील दुकानदाराला मुलाचे वय विचारावे लागत नाही, त्याला त्याचे बारसे आठवत असते. यानंतरही जो मोडील त्याची लेखी तक्रार अबकारी खात्याकडे पंचायतीने करावी, एखाद्या आईच्या नावाने नव्हे. शाळा व धर्मस्थळे यांपासून शंभर मीटरांच्या आत परवाना देण्यासंबंधी जे निर्बंध आहेत, त्यांच्या बाबतीतही पंचायतीने वेळीच लेखी म्हणणे मांडावे. दुकान उभे राहिल्यावर मोर्चा काढण्यापेक्षा ते पुष्कळ सोपे आहे.

पाहणीचे काम शिक्षकांनी घ्यावे. नाव न लिहिता मुलांनी उत्तरे द्यावीत, उत्तरपत्रिका बंद पेटीत टाकाव्यात, अक्षरावरून कोणाला ओळखण्याचा मोह शिक्षकांनी कटाक्षाने टाळावा. दहा-बारा साधे प्रश्न पुरेत. पहिल्यांदा कोणी दिली, या प्रश्नाचे उत्तर पालकसभेत वाचले जाईल तेव्हा काही माना खाली जातील, आणि काम तेथूनच सुरू होईल. हंगामापूर्वी, म्हणजे जानेवारीतच भाटीवाल्यांचीही बैठक व्हावी. भाटीच्या आवारात मुलांनी बोंडे आणून टाकावीत व परत जावे, आंबलेल्या रसाजवळ व ऊर्ध्वपातनाच्या वेळी तेथे थांबू नये, एवढी शिस्त तेच घालून देऊ शकतात. आपल्या व्यवसायाची अब्रू राखण्यात त्यांचाही स्वार्थ आहे. २००९ साली फेणीस भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्या मानाच्या वस्तूवर शाळकरी पोरांचा डाग त्यांनाही नको आहे.

राहिला प्रश्न जो मुलगा आधीच पिऊ लागला आहे त्याचा. शाळेत वास आला की बहुधा पहिला विचार त्याला काढून टाकण्याचा होतो. असे केल्याने शाळेचे नाव राहते, पण मुलाची संध्याकाळ मोकळी होती, ती आता सकाळही मोकळी होते. मुख्याध्यापकांनी प्रथम त्याच्याशी एकट्याने बोलावे, सर्व वर्गासमोर नव्हे. नंतर पालकांना बोलवावे, आणि त्यांना दोष देण्याआधी घरात कोण पितो, घरात मारहाण होते काय, हे जाणून घ्यावे. मुलाचे पिणे पुष्कळदा घरातील दुसऱ्या कोणाच्या पिण्याची शेवटची ओळ असते. अशा वेळी वडिलांनाही उपचारांची गरज असू शकते व तसे त्यांना सांगण्यास संकोच करू नये. मुलगा बेशुद्ध असेल, उलट्या थांबत नसतील वा श्वास मंदावला असेल, तर 'झोपला की उतरेल' म्हणून ठेवू नये. त्याला कुशीवर निजवून तात्काळ इस्पितळात न्यावे. कोवळ्या शरीरास थोडे मद्यही विषासारखे ठरते. इतर वेळी मानसिक आधार व सल्ल्यासाठी शासनाची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. मुलास मद्य दिले जात असल्याचे किंवा त्याच्याकडून मद्याची नेआण करविली जात असल्याचे आढळल्यास १०९८ या क्रमांकावर कोणालाही कळविता येते. हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, आणि मुलालाही तो स्वतः फिरविता येतो.